भागोजी डायव्हरचा आडवा टेम्पो

वरंधा घाटात तीस वर्षं एसटी चालवून गाडीला एक ओरखडा येऊ दिला नाही, या तोऱ्यात भागोजी डायव्हर निवृत्तीनंतरही जगत होता. वाडीत कुणाची मोटारसायकल घसरली, की हा पानाला चुना लावत म्हणायचा, "हातात कला लागते रे."

या शिमग्याला मात्र त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मुलगा हृतिक मालवाहू बोटीवर खलाशी. युरोपातून न्हावाशेव्याला येणाऱ्या बोटी एरवी सुएझच्या कालव्यातून येतात. पण तांबड्या समुद्रात बोटींवर हल्ले सुरू झाले आणि कंपनीनं हृतिकच्या बोटीला अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालायला लावला. इकडे त्याची आई बनुबाई नवस बोलून बसलेली: पोर सुखरूप आलं, की शिमग्याच्या पालखीला खांदा देईल.

"येवढ्याशा कालव्यापायी येवढा खोळंबा?" ती नवऱ्याला म्हणाली.

"अगो, वरंधा बंद झाला, की आपन पोलादपूरवरनं म्हाबळेश्वर चढून पुण्याला जातो ना? तसंच हाय. फकस्त त्या घाटातनं निम्म्या दुनियेचं सामान जातंय. तेल, गहू, यंत्रं. तो अडला, की बंदरापासनं म्हाडच्या बाजारापर्यंत सगळं अडलं."

पालखीच्या दिवशी सकाळी हृतिकचा फोन आला. "बाबा, आफ्रिका पार केली, पन माणगावात अडकलोय. हायवे जाम हाय. दोन तास तरी लागतील."

ढोल तर बोळाच्या तोंडाशी वाजत होते. पालखी अंगणात येणार, ओवाळून झालं की पुढं जाणार. ती कुणासाठी थांबत नाही. बनुबाई ओवाळणीचं ताट घेऊन उंबऱ्यात बसून राहिली. भागोजीला ते बघवेना.

तो उठला. दारात उभा असलेला, पेंढ्यानं भरलेला टेम्पो त्यानं बोळात घातला आणि असा काही फिरवला, की तोंड एका बाजूच्या दगडी गडग्यात रुतलं आणि मागचा फाळका दुसऱ्या बाजूच्या. मांजरालाही वाट उरली नाही.

पालखीचा मानकरी कुशाबा बघतच राहिला. "भागोजी, तू? आन् गाडी आडवी?"

"म्हातारपण," भागोजी खाली मान घालून म्हणाला. "हात चुकला."

लोक खो खो हसले, कुणी व्हिडिओ काढले. तीस वर्षांचं नाव दोन मिनिटांत मातीत गेलं. पालखी ओढ्याकडून वरच्या वाडीला वळली. आधी तिकडची घरं, मग भागोजीचं.

बाराच्या सुमारास हृतिक पाठीवर बॅग घेऊन टेम्पोपुढे उभा राहिला. "बाबा, हितं पन वळसा?"

"बोलू नको, पळ! ओढ्याकडनं!"

पालखी अंगणात शिरली, तेव्हा पुढचा दांडा हृतिकच्या खांद्यावर होता. बनुबाईला रडू आवरेना, तिच्या हातातलं निरांजन दोनदा विझलं.

कुशाबानं देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, दर्यावरच्या पोरांच्या वाटा मोकळ्या ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

कुशाबानं टेम्पोकडे पाहिलं, मग हृतिककडे, आणि मिशीत हसला. "आन् आमच्या भागोजीच्या हातनं पुन्यांदा गाडी आडवी होऊ देऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्यानं भागोजीच ओरडला.