गालाला सोसेल ते क्रीम

मित्रांनो, मी दाढीचा एक जुना ब्रश आहे आणि माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. याला दोष म्हणा की गुण, पण हा स्वभाव मला जन्मापासून आहे. एका कारागिरानं लेथवर लाकूड फिरवून माझा दांडा घडवला. दुसऱ्यानं केसांचा जुडगा घट्ट बांधून, डिंकात बुडवून तो माझ्या डोक्यावरच्या खाचेत बसवला. हे केस कोणाचे, ते मला आजतागायत कळलेलं नाही. कारखान्यातली माणसं घोड्याच्या शेपटीचे म्हणायची. वेष्टनावर मात्र काहीतरी भारदस्त छापलं होतं. ज्याला स्वतःच्या डोक्यावरच्या केसांचीच खात्री नाही, त्यानं जगावर काय म्हणून विश्वास ठेवायचा?

मला विकत घेतलं ते दादांनी. दादा या घरातले थोरले भाऊ. ते मोठमोठ्या गाड्यांना रंग मारायच्या कारखान्यात कामाला होते. त्यांचा गाल राठ होता. कुठलाही साबण घ्यावा, मला त्यावर घोळवावं आणि चेहरा फेसानं भरून टाकावा, असा त्यांचा साधा कारभार होता. आरशात बघत ते म्हणायचे, "ब्रश असावा तर असा!" ते दिवस मला अजून आठवतात. पण दादांनी उमेदीची सारी वर्षं त्या रंगाच्या धुरळ्यात घालवली. त्या काळी रंगारी तोंडाला ओला रुमाल बांधायचे आणि फवारा मारायचे. पुढे पुढे दादांना एक वाक्य पुरतं बोलतानाही मध्ये थांबावं लागू लागलं. त्यांनी काम सोडलं, दाढी वाढवली आणि मला धाकट्या भावाच्या हवाली केलं.

या धाकट्या भावाला घरात बारक्या म्हणतात. केस पांढरे व्हायला लागले तरी तो बारक्याच. तोही त्याच कारखान्यात रंगारी आहे. पूर्वी तो मनाला येईल तेव्हा दाढी करायचा, त्यामुळे मलाही आराम होता. मग कारखान्यात नवे मास्क आले. काळं रबर, दोन्ही बाजूंना हवा गाळणारे गोल डबे आणि मागे बांधायचे पट्टे. नाकाच्या दांड्यापासून हनुवटीखालपर्यंत ते रबर चेहऱ्याला चिकटून बसलं पाहिजे, मध्ये केसांचे खुंटही नकोत. फोरमननं सगळ्यांना बजावलं, "रोज दाढी करून यायचं. खुंट दिसले की रंग मारायच्या बूथमध्ये प्रवेश नाही. सरळ घासकामाला जायचं." घासकाम म्हणजे दिवसभर पत्रा घासणं. त्यात पगार कमी आणि बारक्याच्या हातातली कला वाया.

पहिल्या दिवशी बारक्यानं तो मास्क घरी आणून दाखवला. दादांनी तो हातात घेतला आणि कितीतरी वेळ त्यावरून बोट फिरवत राहिले. "हा सोडू नकोस," एवढंच ते म्हणाले.

रोजची दाढी सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत बारक्याच्या गालांवर लाल पुरळ उठलं. साहजिकच क्रीमवर बालंट आलं. तेव्हा घरात वाण्याकडची एक स्वस्त पांढरी ट्यूब होती. तिला ना वास, ना रंग, ना थंडावा. दिसायला अगदीच गरीब. बारक्या बायकोवर उखडला.

"स्वस्तातलं बघून उचललंस ना? बघ माझं थोबाड!"

"अहो, आधीही तेच होतं की," ती शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली. "तेव्हा नव्हतं ते उठलं."

"मग वाण्यानं भेसळीचा माल दिला असेल."

हे मात्र तिला पटलं. त्या वाण्यावर तिचा आधीपासूनच संशय होता. पांढरी ट्यूब फळीच्या कोपऱ्यात गेली आणि तिच्या जागी एक निळी ट्यूब आली. तिचा रुबाब काय विचारता! झाकण चांदीच्या रंगाचं आणि वास असा की शेजाऱ्यांनी ओळखावा. माझ्या मनात तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली. मी तिच्यात बुडालो तर माझी मुळं गारठली. बारक्याच्या गालांना आधी गार वाटलं आणि मग अशी आग झाली की त्यानं बेसिनमध्ये तोंडच घातलं. माझा संशय खरा ठरला, पण त्यात आनंद तो कसला? चटका त्याला बसला होता.

नंतर एक हिरवी ट्यूब आली. तिच्यावर इतकी पानं-फुलं छापली होती की ही दाढीसाठी आहे की कुंडीत लावायला, असा मला प्रश्न पडला. त्यानंतर फेसाचा डबा आला. बोट दाबलं की आयता फेस. ज्याला ब्रशच लागत नाही, त्याच्याबद्दल मी काय बोलणार? तुम्ही म्हणाल, याला मत्सर वाटतो. वाटतो, लपवत नाही. पण पुरळ त्यानंही गेलं नाही, आणि महिनाअखेरीला घरात भाजी बेताची येऊ लागली ते वेगळंच.

शेवटी बारक्याची बायको औषधांच्या दुकानात जाऊन आली. तिथल्या बाईंनी तिला साधी गोष्ट सांगितली. वासाचं नको, थंडाव्याचं नको. महागच हवं असंही नाही. नवं काहीही घेतलं तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावावं आणि काही दिवस वाट बघावी. त्याप्रमाणे तिनं ती कोपऱ्यातली पांढरी ट्यूब काढून बारक्याच्या कोपराला लावली. कोपर स्वच्छच राहिलं. पण गाल काही निवळले नाहीत.

आता मात्र सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

"हा ब्रशच जुनाट झालाय," बारक्या म्हणाला. "ह्याच्यातच काहीतरी घाण बसली असणार."

मित्रांनो, जो जन्मभर इतरांवर संशय घेत आला, त्याच्यावरच संशय आला की कसं होतं, ते मला त्या दिवशी कळलं. मला गरम पाण्यात उकळलं, उन्हात टाकलं आणि शेवटी बेसिनवरून कायमचं उचललं. बारक्याच्या बायकोनं मला शिलाई मशीनच्या उघड्या खणात ठेवलं. ज्या केसांनी दोन भावांचे गाल फेसानं सजवले, ते आता मशीनच्या दातांमधली दोऱ्यांची लव झटकू लागले. मला फार वाईट वाटलं. मी निर्दोष आहे हे मला ठाऊक होतं, कारण एक गोष्ट मला केव्हाची खटकत होती. ओठावर आणि गळ्यावर मी सगळ्यात जास्त घोळत होतो आणि तिथली कातडी मजेत होती. पण मला विचारतो कोण?

मी गेल्यावरही पुरळ राहिलंच. उलट त्यावर खपल्या धरल्या. मशीन दाराजवळच्या खोलीत असल्यानं मला आता बेसिनही दिसायचं आणि दादांची खुर्चीही. रोज संध्याकाळी बारक्या कामावरून आला की बेसिनपाशी उभा राहून मास्क पुसायचा. रंगाचा एक ठिपका राहू द्यायचा नाही. मग पिशवीत घालून, गाठ मारून खुंटीला लावायचा. मला वाटायचं, किती नीटनेटका माणूस! जगातल्या प्रत्येक ट्यूबवर मी संशय घेतला, पण त्या खुंटीकडे माझी नजर कधी गेली नाही.

रबर चेहऱ्याला लागलं की झोंबतं, म्हणून बारक्यानं एक तोड काढली. मास्कच्या आत, गालांवर, तो मऊ कापडाच्या घड्या ठेवू लागला. घरात कुणाला त्यानं ताकास तूर लागू दिली नाही; मलाही ते पुढेच कळलं. पण कापड मध्ये आल्यावर रबर बसणार कसं? फटी राहिल्या.

एका संध्याकाळी तो घरात शिरला, चपला काढल्या आणि खोकला. साधा खोकला नव्हता तो. कोरडा, खोलवरून आलेला आणि लवकर न थांबणारा. बारक्याच्या बायकोनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. दादांचा चेहरा पांढरा पडला. तो खोकला त्या घरानं आधी ऐकलेला होता.

"मास्क घालतोस ना रे?" दादांनी विचारलं.

"घालतो की."

"नीट?"

बारक्या वळून बेसिनकडे निघाला. त्याच्या खिशातून कापडाची घडी डोकावत होती. दादांनी ती पाहिली.

"इकडे ये. खिडकीशी, उजेडात."

चाळिशीचा बारक्या निमूटपणे त्यांच्यासमोर उकिडवा बसला. दादांनी त्याची हनुवटी धरून चेहरा वर केला. गालांवरचा लाल पट्टा त्यांनी बोटानं न शिवता नुसत्या नजरेनं न्याहाळला. उजव्या गालावरून खाली, हनुवटीखालून पलीकडे, डाव्या गालावरून वर आणि मग आणखी वर. तिथे ते थांबले. श्वास जमवायला त्यांना थोडा वेळ लागला.

"काय रे," ते म्हणाले, "नाकावर कधीपासून दाढी करायला लागलास?"

बारक्याचा हात आपोआप नाकाच्या दांड्यावर गेला. तिथेही खपली होती. ना तिथे कधी वस्तरा गेला होता, ना क्रीम, ना मी. बारक्याच्या बायकोनं खुंटीवरची पिशवी काढून दादांच्या हातात दिली. त्यांनी गाठ सोडली, मास्क नाकाजवळ नेला आणि लगेच दूर धरला.

"हा पुसतोस कशानं?"

"थिनरनं," बारक्या म्हणाला. "आपण सगळं त्यानंच पुसतो ना, दादा. हात, रंगाची बंदूक, सगळं. चांगला स्वच्छ होतो."

"आणि वर पिशवीत कोंडतोस," दादा म्हणाले. "म्हणजे सकाळपर्यंत थिनर उडायलाही नको." मग थांबून, हळूच, "माझेही हात असेच सोलून निघायचे. मला वाटायचं, साबण वाईट."

बारक्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "मला भीती वाटत होती, दादा. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, मास्क सोडू नकोस. आणि सोसवत तर नव्हतं."

त्याच संध्याकाळी मास्क कोमट साबणाच्या पाण्यानं धुतला गेला आणि वाऱ्यावर वाळला. पुढचे काही दिवस बारक्या स्वतःहून घासकामाला गेला. फोरमनला वाटलं, हा कामचुकारपणा करतोय. वाटू दे. खपल्या पडल्या, खालून नवी कातडी आली. मग मला मशीनच्या खणातून काढलं. माझ्या केसांत अडकलेले दोरे बारक्याच्या बायकोनं एकेक करून ओढले आणि तीच पांढरी, गरीब, स्वस्त ट्यूब माझ्यावर पिळली. फेस चांगला झाला. गालांना काही झालं नाही. निळीनं मात्र चटका दिला होता तो दिलाच होता, त्यामुळे तिला कुणी परत बोलावलं नाही.

बूथमध्ये परत जायच्या दिवशी दादा दारातच खुर्ची टाकून बसले.

"इथेच घाल," ते म्हणाले.

बारक्यानं मास्क चढवला, पट्टे ओढले. दादांनी आपले दोन्ही तळवे त्या गोल डब्यांवर दाबून धरले. "घे श्वास." बारक्यानं ओढला. रबर आत खेचलं गेलं आणि गालांना चिकटून राहिलं. दादा कान लावून ऐकत होते. कुठूनही सूं झालं नाही. मग त्यांनी तळवे काढले आणि बारक्यानं छातीभर श्वास घेतला. तसा श्वास दादांना कित्येक वर्षांत घेता आला नव्हता. ते त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "जा आता. उशीर होईल."

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. दाढी झाली की मला झटकून कोरडं ठेवा, म्हणजे मी पुष्कळ वर्षं साथ देईन. क्रीम साधं घ्या, आधी कोपराला लावून बघा आणि किमतीला भुलू नका. पण कातडी बोलायला लागली तर ती नेमकी कुठून बोलते आहे, ते उजेडात धरून पाहा, आणि एकट्यानं सोसू नका. मी संशयी आहेच, पण दादांच्या पुढे माझा संशय काहीच नाही. संध्याकाळी दार वाजलं की ते अजूनही बोलायचे थांबतात आणि बारक्या खोकतो का ते ऐकतात. तो चपला काढतो, पाणी मागतो, दिवसभरातलं काहीतरी सांगू लागतो. मगच दादा आपलं राहिलेलं वाक्य पुरं करतात.