पांढऱ्यातल्या अकरा जणी

इंद्रजीत सरांच्या रविवारच्या फोटोग्राफी वर्गात पहिल्याच दिवशी एक कागद मिळतो. नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका, एकूण चौदा. क्षितिज तिरकं, पाय घोट्यात कापलेले, डोक्यातून उगवलेला विजेचा खांब. सुलेखानं पाच महिन्यांत त्यातल्या बारा चुका करून घेतल्या होत्या. उरलेल्या दोन तिनं शेंद्र्याच्या विहारासमोर एकाच सकाळी केल्या.

सुलेखा तिथल्याच एका कारखान्यात पॅकिंगला आहे. कॅमेरा सेकंडहँड. विहाराच्या स्लॅबच्या दिवशी अकरा बायांनी घमेली वाहिली होती. आत भिंतीवर फोटो लागला तो समितीचा, आणि त्यात सगळे पुरुष. त्या अकरा जणींतल्या भामाबाई म्हणाल्या, "आमचा बी लावायचा. मोठा." म्हणून बुद्धपौर्णिमेला सुलेखा कॅमेरा घेऊन आली.

वंदना संपेपर्यंत साडेअकरा वाजले. अकराही जणी पांढऱ्या साड्यांत, मागं चुन्याची पांढरी भिंत. सुलेखानं कॅमेरा ऑटोवर ठेवला, ही एक चूक. उन्हात नीट न दिसणाऱ्या स्क्रीनवर विश्वास ठेवला, ही दुसरी. इतकं पांढरं समोर आलं की कॅमेऱ्याला उजेड जास्त झाल्यासारखा वाटतो आणि तो सगळंच अंधारतो. साड्या करड्या होतात, सावळे चेहरे काळे.

भामाबाईंनी प्रिंट हातात धरली, लांब नेली, जवळ आणली.

"हे काय गं सुले?"

"फोटो, मावशी."

"फोटो व्हय? मला वाटलं दोरीवर धुणं वाळत घातलंय. आमी कुठं हाय यात?"

"मी हाय बघ," मुक्ताबाई मागून म्हणाल्या. "ती तिसरी. पदर वळखला म्या."

सगळ्या हसल्या. सुलेखाला हसू आलं नाही.

पुढच्या रविवारी तिनं त्यांना पुन्हा उभं केलं आणि कॅमेऱ्याचं न ऐकता उजेड वाढवला. या वेळी चेहरे आले. भामाबाईंच्या हनुवटीवरचं गोंदण आलं, मुक्ताबाईंचा तुटका दात आला. साड्या मात्र उजळून गेल्या. निरी नाही, काठ नाही, पदर कुठं संपतो आणि भिंत कुठं सुरू होते ते कळत नव्हतं.

हाच फोटो वर्गाच्या वार्षिक प्रदर्शनासाठी निवडला गेला. सुलेखाचं कुठल्याही भिंतीवर लागणारं हे पहिलंच काम. उद्घाटनाला शहरात जायला अकरा जणींनी गाडीही ठरवली.

दोन दिवस आधी सरांनी तिला लॅपटॉपसमोर बसवलं. "सुलेखाताई, फोटो चांगला आहे. पण असा लावता येणार नाही. पांढरं पार जळलंय. लोक म्हणतील, वर्गात हेच शिकवतात."

"मग?"

"तुम्ही जेपेगमध्ये काढलात, त्यामुळे साड्या आता परत येणार नाहीत. पण तुमचा आधीचा फोटो आहे ना? त्यात साड्या शाबूत आहेत. चेहरे मी उजळवून देतो."

ते उजळवत गेले. चेहऱ्यांवर फोटोचे दाणे उठले, म्हणून चेहरे गुळगुळीत केले. गोंदण गेलं. गालांवरच्या सुरकुत्या गेल्या. पांढऱ्या साड्यांतल्या अकरा गोऱ्यापान बाया पडद्यावरून सुलेखाकडं बघू लागल्या.

"ही कोण?" तिनं मधल्या बाईवर बोट ठेवलं.

"भामाबाई ना?"

"भामामावशींना दाखवलं तर विचारतील, ही कुणाची सून?"

सर हसले. "ताई, हे टेक्निकल आहे. मनाला लावून घेऊ नका."

"टेक्निकलच बोलते, सर. चूक माझी आहे. पुढच्या वेळी रॉमध्ये काढीन, म्हणजे पांढरं परत आणता येईल, चेहऱ्यांवर उजेड टाकायला रिफ्लेक्टर नेईन, सकाळी लवकर उभं करीन. पण त्या दिवशी काहीतरी एक घालवायचंच होतं. मी साड्या घालवल्या."

"हे प्रदर्शनाच्या परीक्षकांना कोण सांगणार?"

"फोटोखाली लिहा. लाजायचं काय त्यात?"

"नियम सगळ्यांना सारखेच."

"तुमचा कागद पाठ आहे मला. त्यात पांढरं जळणं आहे. माणूस ओळखू न येणं त्यात नाही. ते कितव्या नंबरला घालायचं?"

सरांनी उजळवलेला फोटो बंद केला. ते वाईट शिक्षक नव्हते. मग त्यांनी दुसरी फाइल उघडली. "हा घ्या. तुमचाच. जायकवाडीचा बगळा. एकेक पीस मोजून घ्यावं असा. बिनचूक आहे. हाच लावू, तुमची जागाही राहील."

बगळा खरंच बिनचूक होता. सुलेखानं तो मन लावून पाहिला.

"बगळ्यानं मला फोटो मागितला नव्हता," ती म्हणाली. "आमचा फोटो काढून टाकायचा तर माझं नावही काढा."

"अहो, पत्रिका छापून झालीय!"

"पेनानं खोडा. एकच तर नाव आहे."

जिन्यातूनच तिनं भामाबाईंना फोन लावला. "मावशी, गाडी राहू द्या. आपला फोटो नाही लागणार तिथं."

"कामून?"

"त्यात साड्या दिसत नाहीत म्हणे."

"साड्या बघायच्या तर गुलमंडीच्या दुकानात जा म्हणावं त्यायला!" मग आवाज जरा उतरला. "तुला वाईट वाटलं का गं?"

"वाटलं," सुलेखा म्हणाली. "पण मोठा करूनच आणते. आजच."

पैठणगेटजवळच्या लॅबमध्ये तिनं वीस बाय तीस इंचांची एक प्रिंट सांगितली. काउंटरवरचा माणूस स्क्रीनकडं बघूनच म्हणाला, "मॅडम, इसमें व्हाइट उड़ गया है. ऑटो करेक्शन मारून देतो. चेहरेपण थोडे साफ करतो, सगळेच करून घेतात."

"काहीच करायचं नाही. आहे तसा."

"खराब येईल, नंतर बोलू नका."

"नाही बोलणार."

मशीन चाललं. प्रिंट बाहेर आली तेव्हा साड्या करड्या होत्या आणि चेहरे पुन्हा अंधारात बुडालेले. त्या माणसाच्या हातून सवयीनं करेक्शन लागलं होतं.

"परत काढा," सुलेखा म्हणाली.

"फरक काय पडतो, मॅडम?"

तिनं त्याला भामाबाईंची हनुवटी दाखवली. तो वाकला, स्क्रीनकडं पाहिलं, प्रिंटकडं पाहिलं. मग करेक्शनची खूण काढली आणि तिला खुर्ची पुढं केली. ती बसली नाही. दुसरी प्रिंट पूर्ण बाहेर येईपर्यंत मशीनपाशी उभी राहिली आणि एकेक चेहरा बघून घेतला, अकराही.