डायरेक्ट केलेली वायर

“सरक आधी तिथून!” मी फटफटीवरून उतरायच्या आतच ओरडलो.

आप्पांचा मुलगा ट्रॅक्टरच्या मागच्या चाकापुढे उकिडवा बसला होता. हातात लांब स्क्रू-ड्रायव्हर. तो सेल्फच्या, म्हणजे स्टार्टरच्या, दोन बोल्टांवर टेकवायचा, ठिणगी पाडायची आणि जमिनीवर बसूनच इंजिन सुरू करायचं, असा त्याचा बेत होता. मिस्त्रीकामाला गावोगाव फिरताना हा प्रकार मी रोज कुठे ना कुठे बघतो आणि रोज माझ्या डोक्यात तिडीक जाते.

“काका, हल्ली असंच सुरू होतं ते. सगळेच करतात.”

“सगळे शेण खातात म्हणून तूही खाणार का? घरात एक माणूस कुबडीवर आहे, तेवढं पुरे नाही झालं?”

बोललो आणि ओसरीकडे लक्ष गेलं. आप्पा खुर्चीत बसले होते. लेंग्याचा डावा पाय गुडघ्याखाली दुमडून पिनेने अडकवलेला. त्यांनी ऐकलं होतं, पण नजर बागेकडे ठेवली.

सहा वर्षांपूर्वी आप्पांनी खालीच उभं राहून, हात लांबवून या ट्रॅक्टरची किल्ली फिरवली होती. ट्रॅक्टर गिअरमध्ये होता. तो जो पुढे उसळला, तो त्यांच्या पायावरूनच गेला. तेव्हापासून या घरात आप्पा विसरभोळे ठरले. गॅसचं बटण, मोटारीचा खटका, कशालाही त्यांना हात लावू देत नाहीत. ट्रॅक्टरची किल्ली मुलाच्या कमरेला असते. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा मीही शहाणपणा पाजळून आलो होतो, “आप्पा, गिअर बघायचा ना हो आधी!”

“काय काय बदललंत?” मी मुलाला विचारलं.

“बॅटरी नवी टाकली. मग दुसऱ्या मिस्त्रीने सेल्फ बदलला. तिसरा म्हणाला, आख्खं वायरिंगच काढून टाका.”

“मीटर लावला कुणी?”

“मीटर?”

मला शिसारी आली. तीन मिस्त्री येऊन गेले, पण करंट कुठवर पोचतोय हे एकानेही बघितलं नव्हतं. ताप मोजायचा नाही आणि रोग्याचा पाय कापायचा, अशातली गत. मी किल्ली फिरवायला लावली. सेल्फमधून एक मेलेला ‘टक’ आला आणि संपलं. बॅटरी ठणठणीत होती. सेल्फला जी बारीक वायर येते तिच्यावर मीटर लावला. बारा व्होल्ट यायला हवेत, तिथे जेमतेम पाच येत होते. किल्लीच्या मागे मोजले तर पूर्ण बारा. म्हणजे बिघाड मधल्या वाटेत होता, आणि मधे येतो न्यूट्रलचा स्विच. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर हा स्विच सेल्फला करंटच जाऊ देत नाही. एवढंच त्याचं काम.

सीट उचलली आणि भपकारा आला. उंदरांनी खाली घर केलं होतं. कुरतडलेल्या चिंध्या, लेंड्या, मुताने गंजलेली पत्र्याची पट्टी, त्यावर ग्रीस आणि भुशाचा चिकट राप. मुलाची आई, काकू, चहा घेऊन आल्या होत्या, तो मी लांबच ठेवायला सांगितला. नाकाला रुमाल बांधून काडीने घाण ओढत राहिलो आणि तोंडाने जगाचा उद्धार चालू ठेवला.

स्विचपर्यंत पोचलो तर त्याला वायरच नव्हती. दोन्ही वायरी कापून एकमेकींना पिळून टाकल्या होत्या.

“हे बघ! स्विच डायरेक्ट करून ठेवलाय. कुठल्या गाढवाने केलं हे? असल्या माणसाचे हात बांधून ठेवले पाहिजेत. वेळ मारून नेतात आणि—”

बोलता बोलता अंगठ्याने जोडावरचा राप पुसला. आत सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी निघाली. दोन्ही टोकांना लाल दोरा आणि दोऱ्याला दुहेरी गाठ.

या धंद्यात चिकटपट्टी न वापरणारा आसपास मी एकटा आहे. पट्टी सुटते म्हणून मी जोडावर व्हॉल्व्हची नळी चढवतो आणि लाल दोऱ्याने बांधतो. त्याचा मला भारी तोरा. लोकांना सांगतो, जोड बघा आणि मिस्त्री ओळखा. आता रबर कुजून काळं पडलं होतं, आतली तार हिरवी झाली होती. पण गाठ शाबूत होती.

आठवलं. अपघाताच्या आदल्या वर्षी, फवारणीच्या दिवसांत स्विच खराब झाला होता. पार्ट यायला आठ दिवस लागणार होते. आप्पांची घाई, माझीही घाई. म्हटलं, तोवर डायरेक्ट करतो, पार्ट आला की बसवून देतो. पार्ट आला होता. तो माझ्या दुकानाच्या खणात पडला. मग मी विसरलो. आप्पा नाही, मी विसरलो.

माझीच मला किळस आली. उंदरांची घाण त्यापुढे काहीच नव्हती.

“काय झालं काका?” मुलाने विचारलं.

गाठ कापून खिशात टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. ओसरीवर आप्पा बागेकडे बघत बसले होते. मी जोड कापला, ओसरीवर गेलो आणि त्यांच्या हातात ठेवला.

“आप्पा, हा माझा जोड आहे. हा नसता तर त्या दिवशी ट्रॅक्टर सुरूच झाला नसता.”

काकू जवळ आल्या. मुलगा म्हणाला, “पण गिअर तर यांनीच—”

“गिअर माणूस विसरतोच. म्हणून तर कंपनी तो स्विच देते. तो मी काढून टाकला.”

आप्पांनी जोड उलटसुलट करून पाहिला. “मी विचारलं होतं तुला,” ते हळू म्हणाले, “धोका नाही ना?”

“विचारलं होतं.”

“तू म्हणालास, काही होत नाही.”

“म्हणालो होतो.”

त्यांनी जोड खुर्चीच्या हातावर ठेवला आणि नजर पुन्हा बागेकडे वळवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुकानात जाऊन खण उपसला. स्विच तळाशीच होता, पुडकंसुद्धा फोडलेलं नव्हतं. वर माझ्याच अक्षरात ‘आप्पा, बाग’. परत येऊन खालची घाण धुऊन काढली, स्विच बसवला, वायरी नव्याने ओढल्या. मुलाने सीटवर बसून न्यूट्रलमध्ये किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात इंजिन लागलं. तो हसला. मी हसलो नाही.

“बंद कर आणि उतर,” मी म्हणालो. “आप्पा, तुम्ही या.”

“त्यांना कशाला?” मुलगा म्हणाला.

“किल्ली दे त्यांना,” काकू म्हणाल्या.

आप्पा कुबडीवर आले. मी पुढे केलेला हात त्यांनी घेतला नाही. मडगार्डला धरून, एका पायावर जोर देत ते सीटवर चढले. क्लचच्या बाजूला त्यांचा दुमडलेला लेंगा नुसता लोंबत होता. मी गिअर टाकला, ट्रॅक्टरच्या वाटेतून सगळ्यांना बाजूला केलं.

“फिरवा.”

त्यांनी किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. टकसुद्धा नाही.

“गिअरमध्ये आहे ना?” त्यांनी विचारलं.

“गिअरमध्येच आहे.”

त्यांनी वाकून दांडा स्वतः चाचपून पाहिला. पुन्हा किल्ली फिरवली. मग परत एकदा. मुलगा मान खाली घालून उभा होता, काकूंनी तोंडाला पदर लावला होता. चहा केव्हाच गार झाला होता, आणि आप्पा किल्ली फिरवत होते, थांबत होते, कान देऊन ऐकत होते आणि पुन्हा फिरवत होते.