दहा नंबर ओला आहे

चिमटा लाकडी होता, त्याची तार गंजलेली, आणि ट्रोल्सच्या बोटांतून तो दोनदा निसटला, कारण लक्ष चिमट्यावर नव्हतंच, जर्सीच्या पाठीवरच्या आकड्यावर होतं – दहा. बाकीच्या तेरा जर्सी समुद्रावरच्या वाऱ्याने केव्हाच वाळवल्या होत्या. हीच तेवढी, भिंतीच्या आडोशाला आलेली, अजून ओली. मुलींचा सामना आज अकरा वाजता. या आठवड्यात धुण्याची पाळी त्याच्या घरची – फुटबॉल क्लबात हे असंच चालत आलंय, संघाचे कपडे एकेक घर पाळीने धुतं, आणि ज्याच्या घरून पिशवी येते तोच मैदानावर जर्सी वाटतो. वाटतो... म्हणजे काय, पिशवीत हात घालतो आणि देतो. एवढंच तर केलं होतं मी.

सतरा वर्षांचा होता तेव्हा. पाळी आईची. आदल्या संध्याकाळी प्रशिक्षक ऐनर यांचा फोन आला, तो ट्रोल्सनेच उचलला. "जर्सी नीट वाळू देत रे. उद्या मोठ्या क्लबचा माणूस येतोय, आपला दहा नंबर बघायला. आस्गरला बोलू नकोस, पोरगं उगाच बिथरेल." नाही बोलला. शब्दाला जागला! सकाळी कपडे बदलायच्या खोलीत त्याने दहा नंबर – खडखडीत वाळलेला, आईने इस्त्री केलेला – स्वतःच्या अंगात चढवला आणि म्हणाला, "आस्गर, दहा ओला राहिलाय. थंडी फार आहे, मीच घालतो, तू माझा सात घे." आणि आस्गर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "देवमाणूस आहेस लेका."

मग तीन गोल. ते मात्र खरे होते, ते कुणाचे चोरले नव्हते – की होते?... त्या माणसाने नाव विचारलं, ऐनर क्षणभर ट्रोल्सकडे बघत राहिले, पण आमच्याकडे कुणी तोंड उघडून काही म्हणत नाही. त्यांनी नाव सांगून टाकलं. पुढे सगळं ओळीने आलं – अकादमी, पहिला संघ, हॉलंडात तीन हंगाम, जर्मनीत दोन, तेही बहुतेक बाकावर. डेन्मार्कच्या संघात एकदाच निवड, तेव्हा नव्वद मिनिटं कोट घालून बसला आणि कुणी ऊठ म्हणालं नाही. मग गुडघा, मग घर. प्रत्येक क्लबात विचारायचे, कोणता नंबर? दहा सोडून कोणताही, तो म्हणायचा, आणि लोकांना वाटायचं, काय नम्र माणूस! आस्गर तेवढी वर्षं बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करत राहिला. ट्रोल्सच्या प्रत्येक सामन्यानंतर त्याचा निरोप यायचा: 'बरं खेळलास.' या किनाऱ्यावर याहून मोठं कौतुक नाही. बाकावर बसला होता त्या दिवशीसुद्धा आला – 'बरा बसलास.' एकाही निरोपाला ट्रोल्सला धड उत्तर देता आलं नव्हतं.

आज सांगायचं. वीस वर्षं झाली, पुरे झालं.

फाटक वाजलं. आस्गर, हातात पावांची पुडी. दोघांच्या लेकी एकाच संघात, आणि दहा नंबर आता आस्गरच्या लेकीचा.

"काय रे मोठ्या खेळाडू, धुणी झाली का?"

"झाली. म्हणजे... आस्गर, एक सांगायचंय. तो दहा..." त्याने चिमटा उगाच काढून पुन्हा लावला. "दहा नंबर ओला आहे."

झालं! वीस वर्षांनी तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं, तर तेच वाक्य. या खेपेला खरं, म्हणून तर जास्तच लाजिरवाणं.

आस्गरने जर्सीचं टोक चिमटीत धरून पाहिलं आणि हसला.

"खरंच ओला आहे की रे आज."

आज... ट्रोल्स तसाच उभा राहिला. आस्गर एकेक जर्सी काढून, घडी घालून पिशवीत भरत होता. त्याचा तळवा – रुंद, काळपट – कापडावरून फिरत होता, आणि ट्रोल्सला आपली पाठ आठवली, सतरा वर्षांची, कोरडी, इस्त्रीची, आणि तिच्यावर पडलेली ती थाप. त्याच क्षणी कळलं होतं याला. आणि तरी म्हणाला, देवमाणूस. आणि तरी इतके निरोप...

शिवी तरी द्यायची होती रे एक. शिवीवर माफी मागता आली असती.

"उभा काय राहिलास? कॉफी टाक," आस्गर म्हणाला. "तोवर वाळेल."

वारा सुटला होता. ट्रोल्स घरात गेला नाही. त्याने ओल्या जर्सीवर तळवा ठेवला – पाठीच्या बरोबर मधोमध – आणि ती वाळू नये असं त्याला वाटत राहिलं.