अंगठाभर घसा

मी कार्बोरेटर बोलतोय. आवाज घोगरा वाटेल, पण काय करणार, घशात अजून सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा आहे.

नव्या गाड्यांमध्ये मी नसतो, म्हणून आधी माझं काम सांगावं लागतं. बाहेरची हवा आत ओढायची, तिच्यात बेतानं पेट्रोल मिसळायचं आणि ते इंजिनाला द्यायचं. म्हणजे इंजिनाचा श्वासच म्हणा. त्यातलं ‘बेतानं’ हे खरं काम, आणि नेमकं तेच कुणाला आवडत नाही.

मंगरूळपीरच्या दर्ग्याला येणारी माणसं वाहणाऱ्या एका जीपवर माझं तारुण्य गेलं. जीपचं इंजिन थोराड, त्याची भूक दांडगी, म्हणून माझा घसाही रुंद. आमचं छान जमायचं. पुढे जीप भंगारात गेली. मी सुटा पडलो आणि तेलकट टोपलीतून अजहरच्या हाती लागलो.

अजहरचं बसस्टँडच्या मागे गॅरेज आहे. माणूस हाताचा कसबी. सोयाबीन निघालं की धनजजवळ मोकळ्या वावरात गाड्यांची शर्यत लागते. दोन दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या आणि सरळ पळवायच्या. ती एकदा तरी जिंकायची, हे त्याच्या डोक्यात बसलेलं. गाडी घरात एकच, जुनी, छोटी. बायकोला, अफ्रीनला, माहेरी रिठदला न्यायची तर ती गाडी. दम्याच्या पोरीला, जिकराला, वाशिमच्या डॉक्टरकडे न्यायचं तरी तीच. आणि शर्यतीसाठी खोलली तीसुद्धा तीच!

इंजिन आतून घासून गुळगुळीत झालं, सायलेन्सर मोकळा झाला, आणि मग कार्बोरेटर निवडायची वेळ आली. टेबलावर आम्ही दोघं. एक गाडीचा मूळचा, लहान चणीचा. दुसरा मी. अजहरचा दोस्त विकास तिथं चहा पीत बसला होता. त्यानं माझ्या घशात अंगठा घातला.

“हा पाह्य अज्जू, अख्खा अंगठा जाऊन राह्यला! अन् त्याच्यात करंगळी अटकते. करंगळीच्या नळीनं शर्यत जिकत असतेत काय बे?”

झाली निवड. अंगठ्यानं.

रुंद नळीतून थोडी हवा गेली तर ती रेंगाळते, आणि रेंगाळलेली हवा पेट्रोल उचलत नाही. छोटं इंजिन भरधाव फिरत असेल तोवर ठीक, पण वेग उतरला की मी उचक्या देणार. हे मला तेव्हाच कळलं होतं. निदान आता तरी तसं वाटतं. मागाहून सगळ्यांनाच सगळं आधी कळलेलं असतं.

मग अजहर मला जुळवायला बसला. पेचकसाचं टोक माझ्या अंगाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून तो ऐकायचा. स्क्रू पाव आटा आत, पाव आटा बाहेर. प्लग काढून रंग बघायचा. काळा आला तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला तर कमी, बिस्किटासारखा आला की खूश. पण ऐकायचा तो फक्त माझी किंकाळी. माझी उचकी त्याच्या कानाला लागतच नव्हती.

ती अफ्रीननं ऐकली. “जिकराचे अब्बू, स्पीडब्रेकरवर बंद पडते ना ही.”

“रेसवरून पाय उचलू नको म्हणजे पडत नाही.”

“अन् याच्या तोंडावरची जाळी?”

हवा गाळणारी जाळी जुन्याच्या मापाची होती. माझ्या तोंडावर ती बसेना, म्हणून अजहरनं काढूनच ठेवली होती. “शर्यत होऊ दे, मंग पाहू. जाळीनं दम कोंडते त्याचा. मोकळी हवा पायजे इंजिनाले.”

थ्रेशरचे दिवस होते. घराबाहेर पाऊल टाकताना अफ्रीन जिकराच्या नाकातोंडावर ओढणीचा पदर धरायची. माझ्याकडे बघतानाही तिचा हात नकळत त्या पदराकडे गेला. माझी काळजी करणारं माणूस मला एकच भेटलं, आणि त्याला माझा उपयोग नको होता.

एका दुपारी शेजारच्या वावरात मळणी चालू झाली आणि जिकराची छाती भरून आली. पंप दिला, उतरेना. बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या. अजहरनं गाडी काढली, मागे अफ्रीन पोरीला उभी धरून बसली आणि आम्ही वाशिमच्या रस्त्याला लागलो.

सुरुवातीला मी पळालो, खोटं कशाला बोलू. मग पुढे सोयाबीनची ट्रॉली आली, कडेला थ्रेशर, रस्ताभर कुटाराचा पिवळा धूर. अजहरला पाय उचलावाच लागला. मी उचकी दिली, उघड्या तोंडानं तो धूर ओढला, आणि माझ्या जेटात, पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, एक तूस जाऊन बसलं.

गाडी बंद पडली.

अजहरनं चावी मारली, पुन्हा मारली. पेट्रोलचा वास आत शिरला, पोरगी आणखी खोकायला लागली. त्यानं बॉनेट उघडलं, माझं जेट काढून तोंडाला लावलं आणि फुंकर मारायला लागला.

“त्याले काय फुकून राह्यले? पोरीकडं पाहा!” अफ्रीन ओरडली.

“दोनच मिनिटं. तूस निघालं का चालू होते.”

ती थांबली नाही. पोरीला घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागून ओळखीच्या जगदेवभाऊंचा मालाचा ऑटो येत होता. त्यांनी पोरीच्या ओठांचा रंग पाहिला आणि काही न विचारता पोती खाली लोटली. “बस माय, बस लवकर. अज्जू, तू काहून उभा? बस ना!”

माझं जेट अजहरच्या बोटांत होतं. तो त्यातून उजेडाकडे बघत म्हणाला, “तुमी व्हा पुढं. चालू करून आलोच मी.”

ऑटो गेला.

पोरगी वाचली, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही दवाखान्याच्या फाटकात पोचलो तेव्हा मी झकास गर्जत होतो. अफ्रीन बाहेर आली. अजहर खिडकीतून म्हणाला, “झाली चालू! जेटात कुटार होतं.”

“जिकरा बी चालू हाय,” ती म्हणाली. “इचारलं नाही तुमी, म्हणून सांगून राह्यली.”

गॅरेजमध्ये आठवडाभर एकच चर्चा होती, कार्बोरेटरनं दगा दिला. माणसं चूक ठेवायला जागा शोधतात, आणि मला तर भलामोठा घसा होताच. त्याच मला घेऊन अजहर धनजची शर्यत जिंकला. तिथं पाय उचलायचाच नसतो, तिथं माझ्यासारखा मीच! पितळी कप घरी आला. अफ्रीन म्हणाली, “चांगलं झालं,” आणि जिकराचं औषध काढायला आत गेली.

त्यानंतर ती त्या गाडीत बसलेली नाही.

हे अजहरला उमगायला वेळ लागला. मग त्यानं मला उतरवलं, जुन्याला बसवलं, त्याच्यावर नवी जाळी लावली. मी आता घरातल्या फळीवर असतो, त्या कपाच्या शेजारी. धूळ जाऊ नये म्हणून माझ्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधलीय. श्वास घेत होतो तेव्हा फडकंही कुणी बांधलं नाही.

माझं एकच मागणं आहे. कुणाचाही घसा निवडताना अंगठा घालून बघू नका. ज्याला तो श्वास घ्यायचाय, त्याची छाती केवढी आहे ते आधी बघा.

काल जिकराला पुन्हा वाशिमला दाखवायचं होतं. अजहरनं गाडी दारात लावली, उतरून मागचं दार उघडून धरलं. “पाह्य अफ्रीन, कशी उभी हाय. उचकी नाही का काही नाही.”

अफ्रीननं पोरीच्या तोंडावर पदर घेतला. “बस लागली असन,” ती म्हणाली आणि स्टँडकडे चालायला लागली.

अजहर दार धरून उभाच राहिला. फळीवरून मला ते इंजिन ऐकू येत होतं, शिलाई मशीनसारखं, एकसुरी, नितळ. त्या दिवशी जिनं बंद पडायला नको होतं ती गाडी रिकामीच चालू होती, आणि बंद पडायचं नाव घेत नव्हती.