अळणी भरीत

हुमाचं डोकं सकाळपासून तापलं होतं. मानसिक आजारांच्या औषधांचं खास शिक्षण घेऊन ती जळगावच्या या दवाखान्यात आली, ती पेशंटजवळ बसून बोलता यावं म्हणून. मिळाली काय, तर गोळ्या वाटायची जाळीची खिडकी आणि खिडकीपुढं न संपणारी रांग. दोन खुर्च्या मावतील एवढी खोली द्या, असं मॅनेजरला सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला होता. "गोळ्या द्यायला खुर्ची कशाला लागते?" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

आणि आता समोर प्रेमराज. पाचोऱ्याकडचा तरणाबांड गडी, वर्षभर लिथियमच्या गोळ्यांवर छान सावरलेला. आज त्याचे हात थरथरत होते, जीभ जड झाली होती, पाय लटपटत होते. आजार उसळला असं समजून डॉक्टरांनी गोळी वाढवली होती. हुमाला ते पटेना. गोळीच अंगात साचत असावी.

"अक्का, मधे काही बदललं का? दुसरं औषध, जुलाब, खाणंपिणं?" तिनं जाळीतून त्याच्या आईला, ताईबाईला विचारलं.

"काहीच बदलनं नही, माय."

"आटपा की," रांगेतून कुणीतरी ओरडलं.

बाई काहीतरी लपवतेय हे दिसत होतं. पण एवढ्या माणसांसमोर कोण खरं बोलेल? हुमानं सरळ खिडकी लावली आणि बाहेर येऊन मायलेकांशेजारी बाकावर बसली. रांगेनं तिच्या नावानं बोटं मोडली.

ताईबाईनं हुमाचं उतरलेलं तोंड पाहिलं आणि डबा उघडला. "खा माय. सकायपासून उपाशी दिसस."

कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत. पहिल्याच घासाला हुमा थांबली. भरीत ठार अळणी होतं.

"अक्का, मीठ विसरलात?"

ताईबाईची मान खाली गेली. मग ती कुजबुजली, "नवस शे, महिनाभरपासून. हाऊ पुरा बरा व्हवापावत आम्ही मायलेक बिगर मिठनं खातस. कोनले सांगो नही, सांगं ते फयत नही."

हुमानं कपाळावर हात मारला. खाण्यातलं मीठ तुटलं की लिथियम शरीराबाहेर पडत नाही, साचून विष होतं. पोरगा बरा व्हावा म्हणून आईच त्याला आजारी पाडत होती, आणि हे विचारायला या दवाखान्यात जागा नव्हती. तिनं डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, गोळी बंद करा, रक्त तपासू, भरती करून घेतो.

"अक्का, आजपासून त्याला मीठ खाऊ द्या. आमच्यात आजारी माणसाला रोजा माफ असतो. तुमचा देव काय इतका कडक आहे?"

"आन् नवस मोडना ते पाप कोनले लागी?"

या दवाखान्यात हुमावर कुणी कधी कसली जबाबदारी टाकली नव्हती.

"मला," ती म्हणाली.

ताईबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं आणि डबा तिच्या हातात दिला. "मंग तूच टाक."

हुमा डबा घेऊन मीठ मागायला कॅन्टीनकडं निघाली. दारातच मॅनेजर आडवा आला.

"मॅडम, खिडकी का बंद आहे?"

"हे खाऊन बघा," हुमानं डबा त्याच्यापुढं धरला, "जाळीतून हे कळलं नसतं."