मेंढरांच्या मागं निघालेलं कॅरिअर

मी कॅरिअर बोलतोय, सायकलच्या मागच्या चाकावर बसणारा. रामहरी मला क्यारेज म्हणतात, तेही चालतं.

माझा जन्म लुधियानाचा. काळा रंग, ॲल्युमिनियमचं हलकं अंग आणि खाली दोन लांब पाय. खोक्यात बसून कळंबला आलो आणि राजशेखर यांच्या सायकलच्या दुकानात खिळ्याला लटकलो. सव्वा वर्ष तिथंच. येणारी पोरं नव्या सायकली बघायची, डिस्कब्रेकच्या चकतीवरून बोट फिरवायची आणि कॅरिअर नको म्हणायची. माझ्यामुळं म्हणे सायकल म्हातारी दिसते.

एका बाजारच्या दिवशी रामहरी आणि त्यांच्या पत्नी अयोध्याबाई जीपच्या टपावर सायकल टाकून आले. येरमाळ्याजवळच्या वाडीवरचं हे मेंढपाळ जोडपं, साठीच्या आसपासचं. सायकल त्यांच्या मुलाची, कुलदीपची. तो लातूरला नोकरीला. वजन उतरवायचं म्हणून त्यानं ती हौसेनं घेतली, अकरा दिवस चालवली आणि गावाकडं पाठवून दिली.

रामहरींचा उजवा गुडघा गेला होता. डॉक्टरांनी दिवसभराची पायपीट बंद केली होती, हळूहळू सायकल चालवायला मात्र हरकत नाही म्हणाले होते. घरी बेचाळीस मेंढरं. कळपाबरोबर अयोध्याबाई चालणार होत्या, पण माळावर मेंढी व्याली की कोकरू घरी कुणी आणायचं? पहिले दोन-तीन दिवस त्याला कळपाबरोबर चालवत नाही. आजवर अशी कोकरं रामहरींच्या खांद्यावरच्या झोळीतून यायची. आता झोळीचं काम मी करायचं होतं. ते जमलं नाही, तर येत्या रविवारी हिंमतराव व्यापारी येऊन सगळा कळप नेणार, असं ठरलं होतं. रामहरी हे सांगताना दुकानाबाहेर बघत होते.

राजशेखरांनी मला खिळ्यावरून काढलं. माझा उजवा पाय सायकलवर सरळ बसला, डावा बसेना. डाव्या बाजूला चाकाच्या मध्याशी डिस्कची चकती आणि तिला चिमटीत धरणारा ब्रेकचा ठोकळा, नेमका माझ्या पायाच्या वाटेत. गिऱ्हाइकं खोळंबली होती. राजशेखरांनी माझा पाय पकडीनं वाकवून ठोकळ्याच्या कडेनं नेला, बोल्ट आवळला आणि चाक गरगर फिरवून दाखवलं. मलाही वाटलं, जमलं.

वजन ठेवून कुणीच बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी माळावर एक मेंढी व्याली, तेही जुळं. रामहरींनी टोमॅटोचं प्लॅस्टिकचं क्रेट ट्यूबच्या रबरानं माझ्यावर बांधलं होतं. त्यात पोतं अंथरून दोन्ही कोकरं ठेवली, शेजारी पाण्याचा कॅन. घराकडच्या उतारावर सायकल पळायला लागली, तसा त्यांनी मागचा ब्रेक दाबला. वजनानं माझा वाकडा पाय आत कलला होता आणि ब्रेक ओढणारा छोटा दांडा त्याला अडला होता. ब्रेक लागेना. उताराच्या शेवटी हायवे. पुढचा ब्रेक एकदम दाबला तर कोकरांसकट उलटायची भीती. रामहरींनी हँडल वळवून सायकल नांगरलेल्या रानात घातली आणि आम्ही सगळे ढेकळांत आडवे झालो.

कोकरांना काही झालं नाही. एक तर रामहरींचा कान चोखायला लागलं.

अयोध्याबाई धावत आल्या. रामहरींचं कोपर सोललं होतं. ते म्हणाले, "काढून टाक हे. रविवारी देऊन टाकू मेंढरं. आता न्हाय जमायचं आपल्याला."

मला फार लाज वाटली. घरी आल्यावर अयोध्याबाईंनी सायकल बाभळीखाली उभी केली, भरलेला कॅन माझ्यावर ठेवला आणि चाकामागं उकिडव्या बसल्या. एका हातानं क्रेट खाली दाबून धरायच्या, दुसऱ्या हातानं तो छोटा दांडा ओढून बघायच्या. बराच वेळ त्यांचं हेच चाललं होतं.

"आवं, हिकडं या. ब्रेक चांगला हाय. क्यारेजचा पाय त्याच्या आड येतोय. एका बोटाच्या जागेचा सवाल हाय."

"मग दुकानात दिसलं न्हाय व्हय?"

"तिथं वजन कुठं ठिवलं हुतं?"

शनिवारी आम्ही परत कळंबला गेलो. रामहरींचं कोपर बघून राजशेखर ओशाळले. वाकवलेला पाय सरळ केला तर तिथंच मोडेल, म्हणून त्यांनी मला नवाच पाय लावला. मग लोखंडी नळीचे बोटभर रुंदीचे दोन तुकडे कापून सायकल आणि माझे पाय यांच्यामध्ये घातले, दोन्ही बाजूंना लांब बोल्ट लावले. आता माझ्या पायात आणि ब्रेकमध्ये वारा जाईल एवढी जागा झाली. अयोध्याबाईंनी राजशेखरांना माझ्यावर काय लिहिलंय ते वाचायला लावलं. पंचवीस किलो. "म्हंजी चार कोकरं आन पाणी," त्या म्हणाल्या, "माणूस न्हाय." मग तेवढं वजन ठेवायला लावून त्यांनी स्वतः ब्रेक दाबून पाहिला. पुन्हा पुन्हा पाहिला.

रविवारी हिंमतराव गाडी घेऊन आले, तर घरी कुणी नाही. ते शोधत माळावर आले. रामहरी सायकलवर होते आणि माझ्यावरच्या क्रेटमधून तीन कोकरांची डोकी बाहेर आली होती. रामहरी उतार उतरून हिंमतरावांसमोर अलगद थांबले.

"लांबून आलाव, च्या घेऊन जावा," रामहरी म्हणाले. "मेंढरं न्हाय द्यायची."

हिंमतरावांनी विचारलं, असं किती दिवस रेटणार?

"ह्यो गुडघा चाक फिरवतोय तवर."

त्याला आता दोन वर्षं झाली. माझा रंग उडाला, सांध्यांत लोकर अडकून बसली, अंगाला मेंढरांचा वास कायमचा लागला. दिवाळीला कुलदीप आला आणि कॅरिअर काढलं तर सायकल झकास दिसेल म्हणाला. अयोध्याबाईंनी त्याला पेंडीची पिशवी माझ्यावर बांधायला सांगितली. तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. माझ्यासारखा कुणी सायकलवर बसवलात, तर वजन ठेवून ब्रेक दाबून बघा. मगच निघा.

गेल्या आठवड्यापासून अयोध्याबाई सायकल शिकताहेत. लुगड्याचा काष्टा घट्ट मारतात, सीट पार खाली घेतात. सपाट माळावर रामहरी मला मागून धरून लंगडत चालतात. काल पंधरा-वीस पावलं झाली आणि त्यांचा हात माझ्यावरून सुटला. की त्यांनी सोडला, कोण जाणे.

"धरलंय न्हवं?" अयोध्याबाईंनी पुढं बघतच विचारलं.

"व्हय, धरलंय," रामहरी लांबून म्हणाले.

समोरची मेंढरं बाजूला होत गेली आणि आम्ही दोघं, अयोध्याबाई आणि मी, पुढं निघालो.